वस्तीची गाडी

मंगळवार रात्र, चिपळूण स्टेशन

भाऊबीज आटपली, माझी शाळा उघडायला अजून आठवडा होता, आणि बाबांचा डावा पाय आता पुढे ढकलण्यासारखा राहिला नव्हता. पोटरीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापासून घोट्यापर्यंत फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा, डॉक्टरी भाषेत व्हेरिकोज व्हेन्स. घोट्याजवळची कातडी काळवंडलेली. संध्याकाळ झाली की पाय दगडासारखा जड, आणि मध्यरात्री पोटरीत गोळे. बाबा एसटीत कंडक्टर होते, चिपळूण डेपोला, ३१ वर्षं. त्यांचं म्हणणं असं की ड्रायव्हर बसून म्हातारा होतो आणि कंडक्टर उभा राहून. त्यामुळे पायदुखी त्यांना आजार वाटतच नव्हती, पेन्शनीचाच एक भाग वाटत होती. शेवटी लालबागच्या दादाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, परळच्या एका इस्पितळात शिरांच्या सर्जनची वेळ घेतली आणि फोनवर सांगितलं, "मामा, आता आला नाहीत तर मीच गाडी करून न्यायला येतो." गाडी करून म्हणजे चार-पाच हजारांचा चुराडा. बाबा मुकाट तयार झाले.

मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते, १९ वर्षं झाली. रक्ताभिसरणाचा धडा तोंडपाठ आहे. आमच्या लहानपणी धमनीला रोहिणी आणि शिरेला नीला म्हणायचे. वर्गात त्या नावांच्या दोघी होत्याच, त्यामुळे तो तास कधी धड पार पडला नाही. फळ्यावर मी हृदय काढते, डावी बाजू लाल खडूने, उजवी निळ्याने. लाल बाजूला मी रमते. डावं निलय आवळतं, महाधमनीत रक्त उसळतं, मनगटावर नाडी लागते, मुलं एकमेकांच्या नाड्या मोजतात. निळ्या बाजूला मात्र एकच वाक्य : "ऑक्सिजन कमी झालेलं रक्त शिरांवाटे हृदयाकडे परत येतं." परत येतं म्हणजे कसं येतं, हे मुलांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. घंटा व्हायला आलेली असते.

तुतारी वेळेवर आली, हे लिहून ठेवण्यासारखं. बाबांचा खालचा बर्थ होता, पण चालत्या गाडीत आडवं व्हायची त्यांना सवयच नाही. रात्रभर पाय सोडून खिडकीशी बसून राहिले. मी दोनदा उठून सांगितलं, "बाबा, पाय तरी वर घ्या." म्हणाले, "तू झोप बाय, मी बघतो." काय बघत होते, कोण जाणे. बहुधा स्टेशनं मोजत होते.

बुधवार, दादर ते लालबाग

दादरला डाव्या पायाची चप्पल चढेना. पट्टा शेवटच्या भोकात लावला तरी टाच बाहेर. पाय घोट्यापाशी पावासारखा फुगलेला. अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. बाबा म्हणाले, "बसून बसून झालंय." आणि ते अगदी बरोबर होतं.

मी त्यांना फलाटावरच्या बाकावर बसवलं, पाय बॅगेवर ठेवायला लावला आणि मनात हिशेब मांडला. उभ्या किंवा बसल्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा उभा स्तंभ असतो. माणूस निश्चल उभा राहिला तर घोट्याजवळच्या शिरेतला दाब, बीपी मोजतो त्याच मापाने, ९० च्या आसपास जातो. बसल्यावर थोडा कमी, पण रात्रभर तोच. शिरेत असं तुंबलं की मागे केशवाहिन्यांतही दाब चढतो, आणि त्यांच्या एका पेशीच्या जाडीच्या भिंतीतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. थोडं रोजच झिरपतं, ते गोळा करून परत रक्तात आणून सोडायला लसीकावाहिन्या असतात. पण चिपळूण ते दादर लटकवलेल्या पायापुढे त्यांचंही काही चालत नाही.

वीस मिनिटांनी चप्पल कशीबशी चढली. टॅक्सीवाल्याने लालबाग ऐकून आधी नाक मुरडलं, मग बाबांचा पाय बघून दार उघडलं.

दादाचं घर चाळीत, तिसऱ्या माळ्यावर. जिने चढताना बाबांना त्रास होईल म्हणून मी मागे राहिले, तर ते माझ्या आधी वर. वर पोचून म्हणतात, "चढताना काही होत नाही. उभं राहिलं की होतं." तेव्हा मी ते वाक्य तसंच सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सर्जनने नेमकं तेच विचारलं.

संध्याकाळी गॅलरीत आम्ही सगळे. भाची नववीत आहे आणि तिला आत्या आली की अभ्यासाचं भय वाटतं, म्हणून ती लांबच होती. पण बाबांनी हात कठड्यावरून खाली सोडला आणि हातावरच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या, तेव्हा मला राहवेना. इतक्या वर्षांत प्रयोगाला असा हात मिळाला नव्हता. शाळेतल्या मुलांच्या शिरा दिसतच नाहीत.

तिला जवळ बोलावलं. म्हटलं, मनगटाजवळ या शिरेवर एक बोट दाबून धर. आता दुसऱ्या बोटाने शीर कोपराच्या दिशेने निपट, पुढची ती गाठ दिसतेय ना, तिच्या पलीकडपर्यंत. वरचं बोट उचल. शीर गाठीपासून मनगटापर्यंत सपाट पडलेली, रिकामी. गाठीच्या वरती मात्र रक्त भरलेलं दिसतंय, पण खाली उतरत नाही. तिने खालचं बोट काढलं आणि शीर खालून टचकन भरली.

"परत करू?" म्हणाली. चार वेळा केलं. मग मी उलटं करायला सांगितलं : रक्त कोपराकडून मनगटाकडे ढकल. तेव्हा त्या गाठीपाशी शीर नुसती फुगली, पुढे काही जाईना. ती गाठ म्हणजे शिरेतली झडप. दोन पातळ पडद्यांचा खिसा, हृदयाकडे जाणाऱ्या रक्ताला वाट देणारा आणि मागे फिरणाऱ्याने स्वतःच भरून बंद होणारा.

हा प्रयोग विल्यम हार्वी नावाच्या इंग्रज डॉक्टरच्या पुस्तकात आहे, १६२८ सालच्या, हाताच्या चित्रांसकट. गंमत अशी की झडपा त्याने शोधल्या नाहीत. तो इटलीत पादुआला शिकत होता, तिथले त्याचे गुरू फॅब्रिशियस यांनी त्या नीट दाखवल्या होत्या, १६०३ साली त्यावर पुस्तकही काढलं. पण गुरूंची समजूत अशी की रक्त हृदयाकडून हातापायाकडे वाहतं आणि ते एकदम खाली साठू नये म्हणून हे अडसर आहेत, रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरसारखे. दारं दिसली, पण ती कुठल्या बाजूला उघडतात हे बघायचं राहिलं. शिष्याने बोटाने दाबून बघितलं.

बाबा सगळं ऐकत होते. हात परत घेत म्हणाले, "माझ्या पायातली दारं मोडली असणार मग." डॉपलरच्या, म्हणजे शिरांतलं वाहणं बघायच्या तपासणीच्या, आदल्या दिवशी, गॅलरीत बसून.

गुरुवार, परळ

पहाटे भांड्यांच्या आवाजाने जाग आली. पाणी आलं होतं. वहिनी पिंप, कळशा, बादल्या एका लयीत भरत होती. चाळीत पाण्याची वेळ ही मुहूर्तासारखी असते. चुकली की दिवस गेला. मी मदत करायला उठले आणि पाइप धरून उभी असताना एक गोष्ट सुचली, ती आता शाळेत सांगणार आहे.

मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा असं शंभर-शंभर किलोमीटरवरून येतं, नळातून घरात पडतं, वापरलं जातं, मोरीतून जातं. तानसाला परत जात नाही. तलाव पावसाने नव्याने भरतो. ग्रीक वैद्य गेलेनने दुसऱ्या शतकात रक्ताची व्यवस्था अगदी अशीच मांडली होती : यकृत म्हणजे तलाव, अन्न म्हणजे पाऊस; यकृतात रक्त तयार होतं, शिरांतून अवयवांना पोचतं आणि तिथेच मुरतं. चौदाशे वर्षं युरोप आणि अरब जग हेच शिकत होतं. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस याने हृदयाच्या उजव्या बाजूचं रक्त फुफ्फुसातून फिरून डाव्या बाजूला येतं हे लिहून ठेवलं, पण ते युरोपात फारसं कोणी वाचलं नाही.

गेलेनला हार्वीने खोडलं ते गुणाकाराने. एका ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं याचा अगदी कमीत कमी अंदाज धरला आणि अर्ध्या तासाच्या ठोक्यांनी गुणलं. जी रक्कम आली ती अख्ख्या शरीरातल्या रक्तापेक्षा जास्त. माणूस एवढं जेवेल कुठून? आजचे आकडे घेतले तर हिशेब आणखी सोपा : ठोक्याला साधारण ७० मिली, मिनिटाला साधारण ७० ठोके, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर. शरीरात रक्तच मुळी ५ लिटरच्या आसपास. दिवसाला ७,००० लिटर. आमच्या खाली पाणी कमी आलं की दहा हजारी टँकर येतो, तो पाऊण भरेल. तेव्हा तेच तेच रक्त दर मिनिटाला फिरून परत येत असणार, दुसरा मार्गच नाही.

वहिनीला हे सांगितलं. ती म्हणाली, "ताई, पाइप हलवा, कळशी भरली."

इस्पितळात साडेनवाची वेळ होती, आत बोलावलं सव्वाबाराला. खुर्च्या कमी, माणसं जास्त. पायाच्या शिरांचे पेशंट भिंतीला टेकून उभे. शेजारी एक न्हावीकाका, एक ट्रॅफिक हवालदार, एक सासू-सून पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या. सगळा उभ्याने पोट भरणारा मुलूख. बाबांची त्यांच्याशी तासाभरात दोस्ती झाली. मी मात्र वैतागले होते, आणि तक्रारवही मागितली तर काउंटरवरची मुलगी माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिची वही तपासणार आहे.

डॉपलरची खोली अंधारी, गार. बाबांना छोट्या स्टुलावर उभं केलं. आडवं नाही, कारण झडपेची परीक्षा घ्यायची तर रक्ताचं वजन तिच्यावर पडायला हवं. मांडीला जेल लावलं, यंत्र टेकवलं आणि खोलीत आवाज सुरू झाला, वारा दाराच्या फटीतून यावा तसा, श्वासाबरोबर कमीजास्त होणारा. परळच्या पुलावर उभं राहिलं आणि खालून फास्ट लोकल भोंगा वाजवत गेली की ती पुढे जाताना भोंग्याची पट्टी उतरते, तोच नियम. ख्रिस्तियन डॉपलरने तो १८४२ मध्ये मांडला. इथे भोंग्याच्या जागी यंत्राचा आवाज, आणि तो परतवणाऱ्या लाल पेशी.

पडद्यावर रंग उमटले. मी पटकन म्हटलं, "निळी ती शीर ना?"

तंत्रज्ञ हसला. म्हणाला, "मॅडम, इथे लाल-निळं तसं नसतं. यंत्राकडे येणारं एका रंगात, लांब जाणारं दुसऱ्या. हा रंग दिशेचा आहे." १९ वर्षांच्या दोन खडूंचं असं झालं. तसं रक्त निळं कधीच नसतं हे मीही सांगते, ऑक्सिजन कमी असलं की काळपट लाल दिसतं एवढंच. आणि फुफ्फुसाकडे जाणारी ती धमनी असूनही काळपट रक्त नेते, हा प्रश्न परीक्षेत हमखास घालते. पण खडू काही सोडला नव्हता.

मग त्याने बाबांची पोटरी मुठीत धरून दाबली. शीर निळी झाली, रक्त भर्रकन वर गेलं. सोडली. आता पडदा काळा व्हायला हवा. झडप मिटली, वाहणं थांबलं. पण तीच शीर लालभडक पेटली आणि आवाज उलट्या अंगाने आला, खर्जातला, लांबलचक. वर गेलेलं रक्त खाली पडत होतं. अर्ध्या सेकंदाच्या आत थांबलं तर ठीक मानतात. हे थांबायचं नावच घेईना. त्याने तीनदा दाबलं, तीनदा निळं, तीनदा लाल. मला ते बघवेना आणि नजरही काढवेना.

सर्जनबाई वयाने माझ्याएवढ्या. त्यांनी रिपोर्टच्या आधी बाबांच्या पावलावर वरच्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. पावलाचीही नाडी लागते. म्हणाल्या, "आधी जाणारं रक्त नीट पोचतंय ना ते बघते, मग येणाऱ्याचं. जाणारं कमी असेल तर घट्ट मोजे द्यायचे नसतात." मग समजावून सांगितलं. घोट्याच्या आतून जांघेपर्यंत कातडीखालून जाणारी ग्रेट सॅफेनस नावाची शीर आहे, शरीरातली सर्वांत लांब. तिच्या जांघेजवळच्या आणि मांडीतल्या झडपा गळताहेत. आतली, स्नायूंच्या मधली खोल शीर उत्तम आहे, आणि पायातलं बहुतेक रक्त तिथूनच येतं.

बाबांनी विचारलं, "डॉक्टर, हृदय एवढं ढकलतंय, मग ते परत का नाही येत?"

"तुमच्या हृदयाने १२० ने ढकललं, बाबा. बारीक बारीक वाहिन्यांतून घासत पलीकडे निघेपर्यंत त्यातले पंधरा-वीस उरतात. तेवढ्यावर उभ्या माणसाच्या शिरा भरतात, पण नुसतं उभं राहिलात तर रक्त खालीच रेंगाळतं. ते वर ढकलायला दुसरं हृदय आहे, ही पोटरी. चालताना ती आवळते, खोल शीर पिळली जाते, रक्त वर जातं, झडप मागून दार लावते. चाललात तर घोट्यातला दाब ९० वरून ३० च्या आसपास उतरतो. तुमची झडप दार लावत नाही, म्हणून चालूनही तो पुरता उतरत नाही. तुम्ही आयुष्यभर उभे राहिलात. चालला असतात तर जरा बरं झालं असतं."

घाटात गच्च भरलेल्या गाडीत कंडक्टर चालतोच कुठे, हातभर पुढे, हातभर मागे. पण बाबांनी तो वाद घातला नाही. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे पायात वस्तीची गाडी लागलीय."

बाई मुंबईच्या, त्यांना कळलं नाही. मी सांगितलं : संध्याकाळी शेवटच्या गावाला जाते, रात्री तिथेच थांबते, सकाळी परत येते, ती एसटी. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत झोपतात. बाई खूश झाल्या. पुढच्या पेशंटला नक्की वापरणार.

उपाय : घट्ट मोजे, चालणं, झोपताना पाय हृदयापेक्षा उंच, आणि दोन महिन्यांनी लेझरने ती शीर बंद करायची की नाही ते ठरवायचं. "बंद केली तर रक्त येणार कुठून?" हा बाबांचा पुढचा प्रश्न. आतल्या शिरेतून, बायपास झाला म्हणून जुना रस्ता बंद केला तरी गाड्या यायच्या थांबत नाहीत. हे बाबांना पटलं. मग बाईंनी एक भर घातली, ती मला नवीन होती : हृदयाच्या बायपासला बऱ्याचदा हीच पायातली शीर काढून जोडतात, आणि जोडताना उलटी करून जोडतात. नाहीतर झडपा उलट्या बाजूने बंद होतील आणि हृदयाचाच रस्ता अडेल.

बाहेर पडलो तेव्हा दोन वाजले होते. केईएमवरून चालत लालबागला निघालो, चालायचं सांगितलंच होतं. १९२६ पासूनचं हे इस्पितळ. १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी इथे भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं, दक्षिण आफ्रिकेत बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं केल्यानंतर तीन महिन्यांच्या आत. रुग्ण काही तासच जगला. आणि परळच्याच या परिसराचं नाव रक्ताशी आणखी एका कारणाने जोडलं गेलंय. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या काही लोकांच्या रक्तात एक विचित्र गोष्ट नोंदवली : नेहमीच्या चाचणीत 'ओ' दिसतं, पण ओ गटाचं रक्तही चालत नाही. ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात तो 'एच' नावाचा पायाच यांच्या लाल पेशींवर नसतो. त्यांना फक्त त्यांच्याच गटाचं रक्त चालतं. त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. शहराचं नाव १९९५ ला बदललं, रक्तगटाचं तेच राहिलं. दादा म्हणतो, एवढी एकच पाटी राहिलीय ती राहू द्या.

शुक्रवार, भाऊचा धक्का

वहिनी पहाटे साडेचारला उठवून म्हणाली, "ताई, येताय?" बाबा माझ्या आधी तयार. चिपळूणच्या माणसाला मुंबईत मासळी घेताना सल्ला द्यायची संधी मिळाली तर तो झोपेल कशाला.

भाऊच्या धक्क्यावर चिखल, बर्फ, आरडाओरडा, डोक्यावर टोपल्या घेऊन धावणारी माणसं. बाबांनी हाताने पिशवी सांभाळत, खांद्याने वाट काढत गर्दी बरोबर कापली; ते त्यांच्याकडून शिकावं. एका कोळणीने सुरमईचा गालफड उचलून आतले कल्ले दाखवले. "बघ ना बाय, लालभडक."

कल्ले लाल म्हणजे ताजी, एवढं सगळ्यांना माहीत असतं. ते लाल का, हे मीही धड्यातच ठेवून दिलं होतं. कल्ला म्हणजे नुसता केशवाहिन्यांचा झुबका. माशाचं फुफ्फुसच ते. पाणी बाहेरून जातं, रक्त आतून, मध्ये पातळसा पापुद्रा. मासा मेला आणि वेळ गेला की लाल पेशींतलं लोह हळूहळू बदलतं आणि कल्ला तपकिरी पडतो. कोळीण रसायनशास्त्र न शिकता तेच वाचते, आणि गिऱ्हाईक फसवायचं असलं तर कुठल्या बाजूचा कल्ला दाखवायचा हेही तिला ठाऊक असतं.

घरी वहिनी साफ करायला बसली तेव्हा तिने कल्ल्यांच्या मागे, गळ्यापाशी असलेलं बोराएवढं हृदय काढून मला बशीत दिलं. भाची शाळेला जायच्या गडबडीतही थांबली. माशाच्या हृदयात एक अलिंद, एक निलय. तिथून रक्त थेट कल्ल्यात, कल्ल्यातून थेट सगळ्या अंगात, अंगातून परत हृदयात. एकच फेरी. कल्ल्याच्या बारीक जाळीत दाब गळून जातो, पुढचं अंग त्या उरल्यासुरल्या दाबावर चालतं. पाण्यात तरंगणाऱ्याला ते परवडतं. आपलं रक्त फुफ्फुसातून निघालं की पुढे न जाता परत हृदयाकडे येतं, दुसरा धक्का घेतं आणि मगच अंगात जातं. फुफ्फुसाच्या फेरीला दाब कमी, २५ च्या आसपास. अंगाच्या फेरीला १२०. बाबांच्या भाषेत : मासा ही थेट गाडी, आपण डेपोत येऊन परत निघणारी.

कुर्ल्याही आणल्या होत्या. त्या फोडताना रक्त का दिसत नाही, हे भाचीनेच विचारलं. दिसतं, पण लाल नसतं. खेकड्याच्या रक्तात लोहाच्या ऐवजी तांबं असतं, ऑक्सिजन मिळाला की निळसर होतं. आणि त्याला आपल्यासारख्या बंद वाहिन्यांची साखळी नाही. हृदय रक्त सोडतं, ते अवयवांच्या भोवती मोकळ्या जागेत पसरतं, आणि हळूहळू झिरपत परत येतं. "मग त्याला व्हेरिकोज व्हेन्स होत नसतील," ती म्हणाली. १९ वर्षांत माझ्या वर्गातून असा प्रश्न आला नाही, आणि तो कुर्ल्यांच्या वाटणाच्या वासात आला.

जेवणानंतर मोजे. त्यावरून महाभारत. बाबांना ते बायकी वाटले, रंगाने कातडीसारखे, मांडीपर्यंत. त्यात ते चढेनात. घोट्याला सर्वांत घट्ट, वर सैल होत जाणारे. घोट्याला दाब जास्त म्हणून रक्त वर सरकतं, आणि शीर बाहेरून आवळली गेल्याने झडपेचे दोन पडदे जरा जवळ येतात. दादाने ओढले, मी ओढले, घाम फुटला. शेवटी दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, पावलावर प्लास्टिकची गुळगुळीत पिशवी चढवा, वरून मोजा सरकवा, मग पुढच्या उघड्या बोटांतून पिशवी ओढून काढा. एका मिनिटात काम. आणि सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी घालायचा. एकदा उभं राहिलं की रक्त उतरलंच.

बाबांनी वरून पॅन्ट घातली, आरशात वळून बघितलं. "दिसत नाही ना?" नाही दिसत.

शनिवार, राणीची बाग

चालायचं म्हणून भायखळ्याला राणीच्या बागेत गेलो. भाचीला पेंग्विन, बाबांना सावली. काचेपलीकडे बर्फाळ नाही, पण गार पाण्यात हम्बोल्ट पेंग्विन पोहत होते. त्यांच्या पंखात आत जाणारी ऊन धमनी आणि बाहेर येणारी गार शीर एकमेकींना बिलगून असतात. जाणारं रक्त आपली ऊब येणाऱ्याला देऊन टाकतं, म्हणून ती अंगाबाहेर वाया जात नाही. परतणाऱ्या रक्ताचा असाही उपयोग. बाबा बाकावर बसून टाचा वरखाली करत होते. मी विचारलं, किती झाल्या? "सत्तर. तू सांगितलंस ना, मिनिटाला सत्तर." मी ते हृदयाचं सांगितलं होतं. दुरुस्त केलं नाही.

रविवार, मांडवी

परतीला मांडवी, म्हणजे दिवसाची गाडी घेतली. मोजा पहाटेच, अंथरुणात, पिशवीसकट. पनवेलनंतर बाबा उठले आणि डब्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी मारायला लागले. कटलेटवाला, चहावाला, पोरांना कडेवर घेतलेल्या बाया, सगळ्यांना वाट देत. हाताने वरची दांडी न धरता. एका म्हातारीने त्यांना टीसी समजून तिकीट काढून दाखवलं. त्यांनी ते घेतलं, बघितलं, आणि "ठीक आहे आजी, रत्नागिरीला उतरा" म्हणून परत दिलं.

मी वहीत पुढच्या तासाचं टिपण काढत होते. निळ्या बाजूला दीड पान झालं. एक आकडा बाबांना वाचून दाखवला : कुठल्याही क्षणी शरीरातल्या एकूण रक्तापैकी साधारण दोन तृतीयांश शिरांमध्ये असतं, म्हणजे परतीच्या वाटेवर. ते चालता चालता थांबले.

"दोन तृतीयांश गाड्या परतीला? आमच्या डेपो मॅनेजरने मेमो दिला असता."

चिपळूणला उतरलो तेव्हा दुपारचं ऊन होतं. डाव्या पायाचा पट्टा लावायला बाबा खाली वाकले, शेवटच्या भोकात घातला, सैल लागला, काढून एक भोक आत घेतला. मग बाहेर गुहागरची गाडी उभी होती तिच्या मागे पळत सुटले, आणि मी बॅगा घेऊन त्यांच्या मागे.